मोरीत घातलेला हात

मिरजगावच्या सासरी मी आले ती साबणाच्या पावडरीचा पुडा घेऊनच. मी शाळेत शिकवायची. सकाळच्या शाळेआधी सहा माणसांच्या भाकऱ्या आणि सहा माणसांचं धुणं. पावडरीत कपडे भिजवले तरच ते जमायचं.

त्या साली पाऊस नव्हता, पाणी मोजून वापरायचं. त्यातच मोरी तुंबली. धुण्याचं पाणी परसातल्या शेवग्याला जायचं, ते मोरीतच साचून वास मारू लागलं.

"ह्या पावडरीचा फेस बसलाय," माझ्या सासूबाई, आमच्या आत्याबाई, म्हणाल्या. "उद्यापासनं सोड्यात उकळून आपटून धुवायचं. शाळंचं मग बघू."

शेवटचं मला झोंबलं. फेसाच्या नावाखाली माझी शाळा बंद होणार होती.

"आधी बघते काय अडकलंय ते," मी म्हणाले.

"मोरीत हात घातलास तर चुलीला शिवायचं न्हाई. सांगून ठिवते!"

मी पदर खोचला, बांगड्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत हात घातला. किळस आली, खोटं कशाला बोलू? पण राग जास्त होता. हिसडा देऊन गोळा ओढला. नारळाच्या शेंड्या आणि घट्ट बसलेली राख! भांडी आम्ही त्याच मोरीवर शेंडीनं, राख लावून घासायचो. एरवी दोन घागरी ओतल्या की राख वाहून जाई. त्या साली घागरी कोण ओतणार?

"ह्यात माझी पावडर दाखवा," मी म्हणाले.

डब्याच्या झाकणाला खिळ्यानं भोकं पाडून मी ते मोरीच्या तोंडावर बसवलं. मग हात धुतले. "चुलीला शिवायचं नाही ना? बरं झालं," म्हणाले आणि वेळेआधी शाळेत पोचले.

तिसऱ्या दिवशी आत्याबाई कंटाळल्या. "बास झालं. भाकऱ्या थापायला ये."

"कशी येऊ? झाकणावरचा गाळ रोज मीच हातानं काढते."

चौथ्या दिवशी पाहते तर झाकण लख्ख. आत्याबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या आणि त्यांच्या बांगडीत नारळाच्या शेंडीचा ओला धागा अडकला होता. मी शेजारी बसले आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.

"ऊठ," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "शाळंला उशीर हुईल."