किल्ली काढली, तरी इंजिन थांबेना

मंडळी, आत्ताच घरी पोचलेय. घाईत लिहितेय, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

आमची जुनी डिझेल गाडी बरेच दिवस इंजिन ऑइल खातेय. कमी झालं की वरून ओतायचं, एवढंच आम्ही करत होतो. आज पप्पांना घेऊन ओरोसला निघाले. कट्टा गावाच्या पुढे चढावावर मी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तरी इंजिन आपोआप किंचाळायला लागलं. कशीबशी गाडी कडेला घेतली. मागे धुराने रस्ताच दिसेना.

"चावी बंद कर गो!" पप्पा ओरडले.

"काढलंय पप्पा! ही बघा, हातात आसा!"

इंजिन डिझेलवर नाही, स्वतःच्याच ऑइलवर धावत होतं. आता फुटणार, असा आवाज. पप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना झटकन उतरता येत नाही.

"तू पळ गो, माका हयच रवांदे!"

खोटं कशाला सांगू, मी दार उघडलं होतं. पण त्यांना सोडून पाय निघेना. मग गॅरेजवाल्याने एकदा सांगितलेलं आठवलं. जीव खाऊन ब्रेक दाबला, पाचवा गिअर टाकला आणि क्लच एकदम सोडला. गाडीला जोरात हिसका बसला आणि इंजिन बंद पडलं.

"तुका पळ म्हटलंय मां?" पप्पा म्हणाले आणि रडायला लागले.

तुमच्याकडची जुनी डिझेल गाडी ऑइल खात असेल, तर आज ती कोण घेऊन गेलंय? अशा वेळी काय करायचं, हे त्यांना माहीत आहे का?