मयुरी म्हणाली, वर्थ नाही

माझी नात मयुरी विमानात बसली, त्याच्या चौथ्या दिवशी आम्ही गाव सोडलं. ती इंग्लंडला गेली, आम्ही अमरावतीला आलो. टेम्पोत खाट, गव्हाची कोठी, तिच्या आजीचा फोटो आणि माझा फवारणीचा पंप होता. माझा मुलगा सुधाकर म्हणाला, "बा, पंप काहून घेता? वरच्या मजल्यावर काय फवारसान?" मी म्हणालो, "पंप माहा हाय, तुले काय करायचं?" टेम्पो विहिरीजवळून गेला तेव्हा मी समोर पाहत बसलो. मळा विकून झाला होता आणि विकलेल्या वस्तूकडे वळून पाहायची आमच्या घरात पद्धत नाही.

गावच्या लोकांनो, तुम्ही म्हणालात, बुढ्याला शहराचा शौक आला. तसं नव्हतं. अचलपूरजवळच्या त्या काळ्या मातीत आमच्या चार पिढ्या वांगी आणि झेंडू लावत आल्या. मयुरीला इंग्लंडला शिकायला पाठवण्यासाठी मळा विकायचं मी एकट्याने ठरवलं. सुधाकर म्हणत होता, "पोरीची अकोल्याले इंजिनेरी झाली, आता पुरे." मी ऐकलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. गुरुजींनी शिकवलं तसं लिहितो, बोलतो मात्र घरच्यासारखं. मला वाटलं, माझ्या नातीने तरी कुठे थांबू नये. मग विकलेल्या मळ्याच्या बांधावरून रोज दुसऱ्याची वांगी पाहत जाण्यापेक्षा शहर बरं, म्हणून निघालो.

इथे अठरा पायऱ्या चढून दोन खोल्या आहेत. सुधाकर ऑटो चालवतो. खालच्या मजल्यावर इंग्रजीची शिकवणी आहे. गॅलरीत दोन कुंड्या आहेत, त्यांच्यावर मी पंपाने पाणी मारतो. पहिल्या महिन्यात भाजीच्या गाडीवाल्याला म्हणालो, "हे वांगं आजचं नाही, परवाचं हाय. देठ पाह्य त्याचा." तेव्हापासून सून मला भाजी आणायला पाठवत नाही.

मयुरीचा फोन रविवारी दुपारी येतो, व्हिडिओचा. तिचं शिक्षण संपलं तेव्हाची गोष्ट. एका घरात चार पोरी राहत होत्या, चौघीही शिकून मोकळ्या आणि चौघींनाही शिक्षणाजोगी नोकरी नाही. मयुरी एका गोदामात भाजी डब्यांत भरायला जात होती. "आबा, वांगे भरून राहिली मी," ती म्हणाली. "इतक्या दूर येऊन वांगेच."

लहानपणी मी तिला परतवाड्याच्या बाजारात न्यायचो. सकाळी तिथे भाजीचा हर्रास होतो, बोली लावून माल विकतात. त्याची नक्कल त्या दिवशी फोनवर तिने केली. स्वयंपाकाच्या ओट्यावर चढून बसली, हातात डिग्रीचा कागद. "बोला, एक डिग्री, इंग्लंडची, कोरी, एकदाही वापरली नाही."

गुजरातची पोरगी म्हणाली, "साथ में क्या दोगे?"

"कढीपत्ता फुकट."

हैदराबादची म्हणाली, "नक्को, मेरे घर में पहले से एक पड़ी है."

मी हसून हसून खोकलो. मयुरीही हसत होती. हसता हसताच ती म्हणाली, "आबा, खरं सांगू? वर्थ नाही."

मी ऐकलं, व्यर्थ नाही. माझा ऊर भरून आला. मी म्हणालो, "मले माईत हाय, पोरी. मी त सगळ्याइले तेच सांगतो." ती गप्प झाली. मला वाटलं, नेट गेलं.

त्यानंतर मी हे सांगत सुटलो. गावात लग्नाला गेलो, तर मांडवात, ज्याने माझा मळा घेतला त्याच्यासमोर सांगितलं. "पोरगी स्वतः म्हणते, व्यर्थ नाही." एकाने तर माझं ऐकून आपल्या पोराच्या पासपोर्टची तयारी सुरू केली. रविवारी फोनवर मी मयुरीला सांगायचो, आज कोणाकोणाला सांगितलं ते. ती म्हणायची, "हो आबा." पूर्वीसारख्या नकला करेनाशी झाली. हळूहळू त्या तिघी पोरी आपापल्या घरी परत गेल्या. ही एकटीच राहिली. मला वाटलं, माझ्यासारखी आहे, मागे हटत नाही.

वर्ष झालं असेल. शिकवणीचे सर जिन्यात भेटले. "काका, नात काय म्हणते?"

मी म्हणालो, "व्यर्थ नाही म्हणते. आता तिकडची झाली न, त व्यर्थले वर्थ म्हणते."

सरांनी हातातलं हेल्मेट पायरीवर ठेवलं. "वर्थ म्हणाली की व्यर्थ?"

"एकच न ते?"

"नाही काका," ते म्हणाले, आणि मला समजावून सांगितलं. वर्थ म्हणजे किमतीचं. वर्थ नाही म्हणजे घातलं तेवढं मोल निघालं नाही. म्हणजे पोरगी जे म्हणाली, त्याच्या बरोबर उलटं मी वर्षभर वाटत फिरलो होतो. अठरा पायऱ्या चढताना तेराव्या पायरीवर मी बसलो. वर्षभराचे सगळे "हो आबा" मला तिथे बसून ऐकू आले.

पुढच्या रविवारी सुधाकर आणि सून बाहेर गेले होते. मी विचारलं, "मयुरे, तू मले तवा काय म्हणली होती?"

ती म्हणाली, "तुमी इतके खुश झाले आबा. मंग मी काय बोलू?"

"मंग वापस काहून नाही येत?"

"कोणत्या तोंडानं येऊ? तुमी त मांडवात सांगून राहिले."

मला बाजारातली एक सकाळ आठवली. त्या दिवशी वांग्यांना कोणी धड भाव देईना. मी टोपल्या उचलल्या आणि परत निघालो. मयुरी तेव्हा सहा वर्षांची. एसटीत तिने विचारलं, "आबा, लोक हसतीन न?" मी म्हणालो, "हसू दे. भाव नाही त टोपली घरी नेयाची. लाज कायची? घर आपलंच हाय."

याची मी फोनवर तिला आठवण करून दिली. ती म्हणाली, "ध्यानात हाय आबा. पण तवा मळा होता. तो त माह्यापाई इकला. आता टोपली आणू कुठं?"

मी म्हणालो, "हॅलो, हॅलो, आवाज नाही येऊन राहिला," आणि फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता.

जन्मात मी कोणाचं उत्तर बाकी ठेवलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो. गावच्या लोकांनो, मी चुकीचं ऐकलं आणि चुकीचं सांगितलं. ज्याने पासपोर्टची तयारी केली, त्याच्या घरी मी येत्या गुरुवारी एसटीने जाणार आहे. पोराला पाठवायचं का नाही ते त्याने ठरवावं, पण माझ्या ऐकण्यावर ठरवू नये. मळा घेणाऱ्याच्या दारातही थांबीन आणि त्यालाही सांगीन, नात म्हणाली होती, वर्थ नाही. त्याला हसायचं तर हसू दे.

आणि मयुरे, मळा नाही, हे खरं. विहीरही नाही. खिडकीजवळच्या खाटेवर आम्ही गव्हाचं पोतं आणि जुने कपडे टाकून ठेवले होते. ते मी काल काढले. खाट पुसली. पंप खाटेजवळच्या खिळ्यावर अडकवला आहे, तुला नको असेल तर काढीन. जिन्यात दिवा नाही. तेराव्या पायरीचा कोपरा फुटलेला आहे, तिथे पाय जपून ठेव. नाहीतर असं कर, टोपली घेऊन खालीच थांब आणि आवाज दे. मी येतो उतरून.