देठ काढलेलं वांगं

मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी झाले ती सभेला गेले नाही म्हणून. त्या संध्याकाळी बँकेत ऑडिट होतं. घरी पोचले तर जिन्यातच पहिल्या मजल्यावरच्या वकीलबाई भेटल्या आणि त्यांनी माझं अभिनंदन केलं. नागपूरच्या मनीषनगरात आमच्यासारख्या इमारती पुष्कळ आहेत आणि तिथलं सेक्रेटरीचं काम म्हणजे पाण्याची मोटर, लिफ्टची घरघर आणि कोणी कोणाच्या जागेत गाडी लावली याची भांडणं. तेवढं मी निभावून नेईन असं वाटलं होतं. धर्मशास्त्राचं कोणी बोललं नव्हतं.

बाबा माझ्याकडेच राहतात. जन्मभर कोर्टात कारकुनी केली. आमचं घराणं भोसल्यांच्या राज्यात इकडे आलं आणि तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या कोणाच्या ना कोणाच्या कचेरीत बसून कागद लिहीत आलं. रिटायर झाल्यावर बाबांनी घरातली व्रतनियमांची जुनी पोथी काढली आणि ते ती रोज सकाळी निकालपत्र वाचावं तशी वाचू लागले. कुठला नियम बंधनकारक, कुठला नुसता सल्ला, अपवाद कोणाला, हे सगळं ते आम्हाला चहाबरोबर ऐकवत. पोथीवर त्यांची श्रद्धा होती, पण तिच्या कलमांवर जास्त होती.

तळमजल्यावर शेठ राहतात. त्यांच्या घरी उमरेडला हातमाग होते. पुढे त्यांनी गांधीबागेत साड्यांचं दुकान काढलं, आता ते मुलं पाहतात. शेठही देवभोळे. संध्याकाळी पेटी घेऊन एकटेच भजनं म्हणतात, आणि आवाज असा की लिफ्टमधून चौथ्या मजल्यापर्यंत जातो. बाबा त्यांना शेठ म्हणतात, ते बाबांना साहेब. रोज सकाळी दोघं पार्किंगमधल्या बाकावर पेपर वाटून घेतात. पहिलं पान बाबांकडे, बाजारभाव शेठकडे. त्यांचं कधी वाजेल असं कोणाला वाटलं नव्हतं.

गणपतीच्या आधीची सभा होती. महाप्रसादाचा बेत मी वाचून दाखवला: वरण, भात, पुरी, आलू-वांग्याची भाजी, बुंदी, मठ्ठा. आपल्याकडे भंडारा म्हटला की आलू-वांगं आलंच, त्यात वाचून दाखवण्यासारखं काही नव्हतं. पण बाबांनी हात वर केला. चातुर्मास आहे, ते म्हणाले, आणि पोथीत वांग्याला स्पष्ट मनाई आहे. देवाच्या प्रसादात देवाने वर्ज्य सांगितलेली वस्तू कशी चालेल?

दरवर्षी चालतच होती. पण दरवर्षी गणपतीत बाबा माझ्या भावाकडे पुण्याला असायचे.

शेठनी पोथीतला शब्द विचारला. बाबांनी सांगितला, वृंताक, म्हणजे वांगं. शेठनी मान डोलावली. सभा पुढे गेली, बुंदीत वेलची घालायची की नाही यावर बराच वेळ गेला, आणि वांग्याचा विषय मी हुशारीने पुढच्या रविवारवर टाकला.

पुढच्या रविवारी शेठ एक जाडजूड शब्दकोश घेऊन सभेला आले. कुठून पैदा केला कोण जाणे. वृंत म्हणजे देठ, असं त्यांनी सगळ्यांना वाचून दाखवलं.

"म्हणजे देठ नाही खायचा, असं लिहिलं आहे साहेब," शेठ म्हणाले. "देठ काढून टाकला की विषय खतम. वांग्याचं पोथीनं काहीच नाव घेतलं नाही."

बाबांनी चष्मा काढून पुसला. कोर्टात समोरच्या वकिलाने काही भलतंच म्हटलं की साहेब लोक असा चष्मा पुसत, असं ते आम्हाला नेहमी सांगायचे. मग ते म्हणाले की पागोटं काढून ठेवलं म्हणून माणूस दुसरा होत नाही, तो तोच राहतो. वांग्याचंही तसंच. शेठ म्हणाले, पागोट्याचा पोथीत उल्लेख आहे काय? तो नव्हता.

इथे वकीलबाई उठल्या. त्यांचं म्हणणं असं की वांगं, देठ आणि वृंत हे सगळं बाबांनी घरी बसून खुशाल ठरवावं. पण महाप्रसाद सगळ्यांच्या वर्गणीतून होतो आणि इमारतीत सगळे एका पोथीचे नाहीत. सार्वजनिक स्वयंपाक एका घरातल्या पोथीवर चालणार नाही, तो सभेच्या मतावर चालेल.

बाबा म्हणाले, "मग गणपती काय सभेच्या मतावर बसतो?"

"हो काका. ठराव आहे तसा."

तो खरंच होता. मीच लिहिला होता. सर्वानुमते गणपती बसवण्याचे ठरले, सूचक आणि अनुमोदकाच्या नावासकट. बाबांना तो दाखवल्यावर ते बराच वेळ खिन्न होते. देव ठरावाने येतो ही गोष्ट त्यांच्यासारख्या जुन्या कारकुनालाही जड गेली.

चौथ्या मजल्यावर एक ख्रिस्ती सर राहतात. गणपतीची रोषणाई दरवर्षी तेच करतात, दुसऱ्या कोणाला त्या वायरी कळत नाहीत. बाबांना वाटलं की धर्माची बंधनं पाळणारा माणूस आपली बाजू घेईल. त्यांनी सरांना त्यांचं मत विचारलं. सर फार सभ्य आहेत. विचार करून ते म्हणाले की त्यांच्याकडेही उपवासाचे दिवस असतात आणि त्या दिवसांत काय चालतं यावर त्यांच्या घरात बायकोचं आणि आईचं अजून जुळलेलं नाही, त्यामुळे ते बाहेरच्या वादात पडत नाहीत. फक्त वांगं नसेल तर आधी कळवावं, म्हणजे ते घरून थोडं खाऊन येतील.

बाबा आणि शेठ आता बाकावर दोन टोकांना बसू लागले. पेपर मधे ठेवलेला असायचा आणि कोणीच उचलायचं नाही. शेठची भजनं वाढली. बाबा दार लावून पोथी मोठ्याने वाचू लागले. मला बँकेतून घरी यावंसं वाटेना.

शेवटी मीच सुचवलं की जाणत्या माणसाला विचारू. नंदनवन भागात एक शास्त्रीबुवा होते, शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. दोघांनाही ते मान्य होते, कारण दोघांनीही त्यांना कधी पाहिलं नव्हतं. रविवारी सकाळी ते स्कूटरवरून आले, हेल्मेट मांडीवर ठेवून पार्किंगमध्ये बसले आणि दोन्ही बाजू त्यांनी फार शांतपणे ऐकल्या. अर्धी इमारत गोळा झाली होती. मग ते बोलू लागले. एके ठिकाणी पांढरं वांगं वर्ज्य आहे, एके ठिकाणी गोल, एके ठिकाणी सगळीच. कुठे फक्त श्रावणात, कुठे चंपाषष्ठीपर्यंत. एका टीकाकाराच्या मते वांगं म्हणजे वांगं नव्हेच. प्रत्येक वाक्याला बाबा आणि शेठ आळीपाळीने खूश होत होते. बोलून झाल्यावर शास्त्रीबुवांनी दोघांकडे पाहिलं आणि विचारलं, "तर तुम्हाला यातलं कोणतं हवं आहे?"

असा प्रश्न बाबांना आयुष्यात कोणी न्यायाधीशाने विचारला नव्हता.

तेवढ्यात मी पोहे आणले. चातुर्मास म्हणून बाबांच्या सांगण्यावरून बिनकांद्याचे केले होते. शास्त्रीबुवांनी एक घास घेतला, बशीकडे बघितलं आणि कोपऱ्यावरच्या टपरीवरची चण्याची झणझणीत तर्री मिळेल का म्हणून विचारलं. तर्री आली. त्यांनी ती पोह्यांवर ओतली, वरून कच्चा कांदाही मागवून घेतला आणि घाम पुसत पुसत सगळं संपवलं. बाबांनी मान दुसरीकडे वळवली. शास्त्रीबुवा गेल्यावर ते मला म्हणाले की या माणसाचं मत पुराव्यात धरता येणार नाही. शेठचंही तेच म्हणणं पडलं. इतक्या दिवसांत दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं, पण ते एकमेकांशी बोलत नसल्यामुळे ते मला सांगून गेले.

मग मतदान झालं. वांगं हवं म्हणणारे जास्त होते, पण बाबांना दुखवायचं कोणाच्याच मनात नव्हतं. शेवटी ठराव झाला की महाप्रसादात वांग्याची भाजी देठ काढून करण्यात येईल. हा ठराव वकीलबाईंना नको होता, कारण त्यात पोथी घुसली होती. बाबांना नको होता, कारण त्यात वांगं होतं. शेठना हवा होता, पण आपलं म्हणणं इतक्या लोकांनी खरं मानलं याचं त्यांनाच जरा आश्चर्य वाटलेलं दिसलं.

आचाऱ्याला मी फोन करून सांगितलं. त्याने मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "मॅडम, देठाशिवाय वांगं कढईत उभं राहत नाही. पन्नास लोकायचं असो की पाचशे, त्याचा गाळ होते." मी त्याला सांगितलं की ठराव आहे. ठरावापुढे तो काय बोलणार?

महाप्रसादाच्या दिवशी तेच झालं. कढईत आलू दिसत होते, वांगं कुठेच नव्हतं. लालसर दाट रस्सा होता आणि त्यात काळ्या सालीच्या बारीक चिंध्या तरंगत होत्या. बाबा कढईपाशी आले. डाव आत घालून त्यांनी तो हळूच फिरवला, वर काढला, पुन्हा फिरवला. शेठही येऊन उभे राहिले. ते दोघं कढईवर वाकून इतका वेळ बघत होते की मागे रांग लागली.

बाबा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "हे वांगं आहे असं सिद्ध करता येणार नाही."

"नाहीच जी," शेठ म्हणाले.

पार्किंगमध्ये पंगत बसली. वाढायला मी होते. भाजी भारी झाली होती, खरं सांगायचं तर दरवर्षीपेक्षा चांगली. सरांनी घरून खाऊन आलो असं सांगितलं आणि दोनदा घेतली. वकीलबाईंनी तीनदा घेतली आणि प्रत्येक वेळी ठराव चुकीचाच होता असं सांगितलं. बाबांच्या पत्रावळीपाशी मी न थांबता पुढे गेले. त्यांच्या शेजारी, दुसरीकडे जागाच नसल्यामुळे, शेठ बसले होते. त्यांच्या पत्रावळीवर मी डाव नेला तर त्यांनी हात आडवा धरला.

मला वाटलं पोट बिघडलं असेल. पुरी वाढणाऱ्याने मागून ढोसलं तरी मी तिथेच उभी राहिले. बाबांनीही जेवायचं थांबवलं.

"शेठ, घ्या की. तुमचीच भाजी आहे."

"नाही साहेब. मी चातुर्मासात वांगं खात नाही."

"यंदापासून?"

"लहानपणापासून. माही आई पाळत होती. ती गेली, म्यां सोडलं नाही."

बाबांचा हात वरणातच राहिला. मग त्यांनी विचारलं, नागपुरात इतकी वर्षं राहूनही जी त्यांच्या तोंडी क्वचित येते, त्या बोलीत, "मग इतके दिवस काहून भांडून राहिले होते गा?"

शेठ जरा लाजले. पुरीचा तुकडा मठ्ठ्यात बुडवत म्हणाले, "मी नाही खात, तो माहा नेम आहे. आईनं सांगितला, मले पटला, मी पाळतो. पण तुमी नाही म्हणता म्हणून साऱ्या बिल्डिंगनं खायचं नाही, हे मले पटेना. माह्या आईनं माह्या बापालेही कधी मना केलं नाही. त्यायले वांग्याशिवाय घास उतरत नसे. तीच रांधून देत होती."

बाबांनी वरण भातात कालवलं. जेवले. बुंदी मात्र दोनदा मागून घेतली, आणि दुसऱ्यांदा मी वाढत असताना म्हणाले की पोथीतला निषेध संकल्प करणाऱ्यालाच लागू होतो, असं त्यांना आता वाटायला लागलं आहे. तसं कलम आहे. आधी त्यांनी ते नीट वाचलं नव्हतं. शेठ म्हणाले की असेल, पण वृंत म्हणजे देठच. बाबा म्हणाले की तो शब्दकोश जरा पाहायला द्या, मला तुमच्या वाचण्यावर भरवसा नाही.

दुसऱ्या दिवशी मी बँकेत निघाले तेव्हा दोघं बाकावर होते. पेपर खाली पडला होता. शब्दकोश दोघांच्या मांड्यांवर अर्धा अर्धा उघडा होता आणि ते भेंडीवर बोलत होते. भेंडी चातुर्मासात चालते की नाही, आणि न चालत असेल तर तिला देठ असतो की नाही. मी हेल्मेट घातलं आणि पट्टा आवळला. शेठनी मला हाक मारली, "का वं पोरी, तुयं काय म्हणणं आहे?" मी गाडी सुरू केली आणि ऐकू येत नाही असं हातानेच सांगितलं.