मान हलवणारा मास्तर

आता कुठून सुरुवात करू? चहा ओतलाय ना सगळ्यांचा? मग तो आधी पिऊन टाका. हा किस्सा ऐकताना लोक सुरुवातीला हसतात आणि मध्येच कप खाली ठेवतात. चहा गार होतो आणि बोल मला लागतो. मास्तरकीत माझ्या हातून पुष्कळ घोटाळे झाले, पण हा आठवला की अजूनही पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यावंसं वाटतं.

तेव्हा मी बावीस वर्षांचा. बेळगावकडून आलेला, मिशी नुकती फुटलेली, आणि मुळगावच्या पलीकडे खाणीच्या पायथ्याशी असलेल्या एका मराठी शाळेत मास्तर म्हणून लागलेला. गोव्याला राज्याचा दर्जा नुकताच मिळाला होता. मराठी की कोंकणी, यावरून हॉटेलात अजून टेबलं आपटली जात होती. आणि मी कोण? मराठीचा मास्तर! मग मी कोंकणी शब्दाचा अर्थ दुसऱ्याला विचारायचा? छे! मराठीच्या मास्तराला न कळणारं असं या लोकांच्या बोलण्यात असणार तरी काय?

म्हणून मी एक युक्ती काढली. कोणी काही बोललं की मान हलवायची. समजून, गंभीरपणे, हळूहळू. माणूस एकदम विद्वान दिसतो!

या युक्तीचा पहिला प्रसाद लगेच मिळाला. घरमालकीणबाईंनी विचारलं, "मास्तर, फाल्यां गांवाक वतले मरे?" मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी जेवायला गेलो तर स्वयंपाकघराला कडी. 'उद्या गावाला जाणार ना?' असं त्या विचारत होत्या आणि मी हो म्हणून बसलो होतो. दिवसभर केळी खाऊन काढला. पण शहाणपण आलं का? नाव नको.

शाळेत तिसरीत सरिता नावाची मुलगी होती. बारीकशी, गप्प, दप्तर छातीशी धरून बसणारी. पालकसभेला सगळ्यांचे वडील आले, तिचे आले नाहीत. दुसऱ्या सभेलाही नाहीत. मी तिला उभं केलं.

"काय गं, तुझे बाबा का येत नाहीत?"

"बाबा अंतरला," ती म्हणाली.

आता तुम्ही मला सांगा, मराठीत अंतरणे म्हणजे काय? दुरावणे! माणूस माणसाला अंतरतो, लेक माहेराला अंतरते. तिसरीतल्या मुलीच्या तोंडी असा भारदस्त शब्द ऐकून मला तर कौतुकच वाटलं. म्हणजे नवरा-बायकोचं बिनसलंय. बाप घर सोडून गेलाय.

"कुठे असतात ते?"

"वयर," ती म्हणाली, आणि खिडकीकडे बोट केलं.

खिडकीतून काय दिसत होतं? खाणीचा डोंगर. लाल, उघडा, वरपर्यंत मजुरांच्या झोपड्या. म्हणजे बाप वर खाणीवर राहतो! मी मान हलवली. सगळं स्वच्छ झालं होतं.

आमचे हेडमास्तर परब सर पेडण्याचे. शांत माणूस, बोलणं कमी, पान जास्त. ते एकदा म्हणाले होते, "सर, त्या सरिताक जरा सांभाळून घेयात." मी म्हटलं, घेतोच. नुसतं सांभाळून नाही, त्या लेकराचा मोडलेला संसार उभा करून दाखवतो!

त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेलो. सरिताची आई दारात आली. आता इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. मी त्या वयात परक्या बाईशी बोलताना तिच्या तोंडाकडे बघत नसे. खाली बघायचो. तेही तिच्या पायांकडे नाही, स्वतःच्या. आईचे संस्कार! तर मी माझ्या अंगठ्याला उद्देशून बोलायला सुरुवात केली.

"सरिताचे वडील अंतरले, हे मला कळलंय."

"तांकां अंतरून वर्स जायत आयलें, मास्तर," आवाज अगदी बारीक होता.

"वर्ष? अहो, वर्ष म्हणजे काही फार नाही! माझा सख्खा काका असाच अंतरला होता. तीन वर्षांनी परत आला. आता दोन्ही वेळ जेवतो, काकूवर ओरडतो, सगळं पहिल्यासारखं!"

वर बघितलं असतं तर तिचा चेहरा दिसला असता. मी अंगठाच बघत होतो.

"माझं ऐका. तुम्हीच मन मोठं करा. त्यांना यायला जमत नसेल तर तुम्ही जा त्यांच्याकडे."

मग ती म्हणाली, "हांव वचूं? आनी ह्या चेडवाक कोण पळयतलो?"

मी जाऊ? आणि या मुलीला कोण बघणार? एवढं मला न विचारताही कळलं. आणि मी काय म्हणालो असेन? हसू नका हो.

"मुलीची काय काळजी? मी आहे, शाळा आहे! नाहीतर असं करा, तिलाही बरोबर न्या. बापाला बघून लेकराला किती बरं वाटेल!"

कोणीतरी कोणाला तरी एकदम ओढून जवळ घेतल्याचा आवाज आला. आईने लेकीला पदराखाली घेतलं होतं. मला वाटलं, वा! बाईंचं मन पाघळलं. मी नमस्कार केला आणि शीळ घालत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गासमोर मी सरिताला जवळ बोलावलं. "सरिता, शनिवारी आपलं गॅदरिंग आहे. तुझे बाबा पहिल्या रांगेत बसलेले दिसतील. मी वर जाऊन घेऊन येणार. हा मास्तरचा शब्द!"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे असे काही झाले की काय सांगू. शाळेत लागल्यापासून मला पहिल्यांदाच वाटलं, आपण खरे मास्तर आहोत. त्या पोरीला बाप मेल्याचं ठाऊक होतं हो. पण मास्तर सांगतोय म्हटल्यावर, मास्तरांना जास्त माहीत असणार, असंच तिला वाटलं ना?

रविवार उजाडला तसा मी डोंगर चढून खाणीवर गेलो. गुडघ्यापर्यंत लाल. झोपड्यांतले बहुतेक जण कोल्हापूर-बेळगावकडचे, माझ्याच मुलखातले. बरं वाटलं. हजेरीपटात सरिताच्या बापाचं नाव रामा होतं. एकाला विचारलं, "रामा कुठे राहतो? बायको-पोरीला सोडून आलेला?"

तो म्हणाला, "बायको-पोरीला सोडून समदेच आल्यात, सर. रामा मातर एकच हाय."

रामा झोपडीबाहेर भांडी घासत होता. मी त्याला असा फैलावर घेतला की शेजारचे बाहेर आले. "लाज वाटत नाही? तिकडे पोरगी वाट बघून सुकली! शाळेत सगळ्यांचे बाप येतात, तिचाच येत नाही!"

रामाच्या हातातलं भांडं खाली पडलं. "सर, पोरीनं इचारलं मला?"

"रोज विचारते!"

"हितं आलीय व्हय ती? चंदगडाहून?"

चंदगड कुठून आलं मध्येच, हे विचारायला हवं होतं की नाही? पण विचारायचं नाही, हा तर माझा बाणा! मी मान हलवली. रामा ढसाढसा रडायला लागला. माझेही डोळे भरले. म्हटलं, "शनिवारी संध्याकाळी शाळेत ये."

शनिवार आला. देवळाच्या मांडवातून आणलेल्या खुर्च्या, पताका, रॉकेलच्या बत्त्या. पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर सरिताचं दप्तर, आणि खुर्चीला धरून सरिता. गावचे पंच तिथे बसायला आले तर तिने दोन्ही हात आडवे केले.

"हांगा बाबा बसतलो. मास्तर ताका हाडटलो."

इथे बाबा बसणार आहेत. मास्तर त्यांना आणणार आहेत. पंच गप्प झाले. शेजारची माणसं गप्प झाली. ती शांतता मागेमागे सरकत शेवटच्या रांगेपर्यंत गेली. परब सर पानाचा तोबरा तसाच धरून माझ्याजवळ आले. "सर, ह्यां चेडू काय सांगता?"

"खरं तेच सांगतेय! हे बघा, आलेच!"

मांडवाच्या दारात रामा उभा होता. धुतलेला शर्ट, डोक्याला चपचपीत तेल, हातात खाज्याचा पुडा आणि लाल रिबीन. भिरभिरत्या नजरेने शोधत होता. मी धावत जाऊन त्याचा हात धरला, त्याला ओढत सरितासमोर आणून उभा केला आणि नाटकातल्या सूत्रधारासारखा ओरडलो, "सरिता, बघ कोण आलं!"

सरिताने त्याच्याकडे बघितलं. त्याने सरिताकडे बघितलं.

"सर," रामा हळूच म्हणाला, "ही न्हवं माझी. माझी कुठाय?"

परब सरांनी माझा दंड धरला आणि मला पडद्यामागे नेलं. पान थुंकले. मग शाळेतल्या मुलाला सांगावं तसं एकेक शब्द सावकाश बोलले. "सर, अंतरला म्हणजे वारला. तिचा बापूस खाणीच्या ट्रकाखाली गेला. वर्षश्राद्ध पण अजून जावचा आसा."

"पण... ती म्हणाली, वर आहे..."

परब सरांनी फक्त आभाळाकडे बोट केलं.

नवरा जाऊन जिला वर्षही झालं नव्हतं, त्या बाईला मी काय सांगून आलो होतो? तू पण जा त्याच्याकडे. जमलं तर पोरीलाही ने! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त अवलक्षण त्या बाईच्या दारात टाकून आलो होतो. बाहेर पोरांचं स्वागतगीत सुरू झालं. रामा त्याच खुर्चीवर बसला होता, पुडा मांडीवर घेऊन. त्याला ऊठ म्हणायचं धाडस कोणालाच झालं नाही.

तेवढ्यात पडदा हलला. सरिता. हातात लाल रिबीन. रामाने दिली असणार.

"मास्तर, तो आमचो बाबा न्हय."

"नाही गं बाळ."

"तुमी वयर गेल्ले मरे?"

"गेलो होतो."

तिने माझा सदरा धरला आणि अगदी हळू विचारलं, "मागीर? बाबा मेळ्ळो?"

मग, बाबा मेला? असं माझ्या कानांनी ऐकलं. बिचारी शेवटी मोकळेपणाने विचारतेय. आता तरी खरं सांग, मास्तरा! आता तरी लपवू नकोस! मी गुडघ्यावर बसलो, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान हलवली. हळूहळू. गंभीरपणे.

आणि सरिता हसली! कधी न हसणारी पोर, कानापर्यंत हसली आणि पडदा उडवून घराच्या दिशेने धावत सुटली.

बाप मेला हे ऐकून पोर हसते? मी परब सरांकडे वळलो आणि त्या गावात पाऊल ठेवल्यापासून पहिल्यांदा तोंडातून तो प्रश्न काढला.

"सर... मेळ्ळो म्हणजे काय?"

परब सरांनी डोळे मिटून घेतले. "गावलो," ते म्हणाले. "सापडला."

मी धावलो. चप्पल मांडवातच राहिली. अंधारात, त्या लाल धुळीतून, अनवाणी. तिला थांबवायला काय ओरडू? "मेळ्ळो नाही" ओरडू? की "मेला" ओरडू? माझ्या तोंडचं "मेला" तिला पुन्हा "मेळ्ळो" असंच ऐकू आलं तर? मराठीचा मास्तर, आणि एका लेकराला थांबवायला माझ्याकडे एक शब्द नव्हता.

पोचलो तेव्हा ती दारात उड्या मारत होती. "आवय, बाबा मेळ्ळो! मास्तर म्हणटा! मास्तर वयर गेल्लो!"

आई वर्षाचा दुखवटा पाळत घरीच होती, गॅदरिंगला आली नव्हती. दिवा घेऊन बाहेर आली. आणि मी, सगळे संस्कार गुंडाळून ठेवून, पहिल्यांदा मान वर करून त्या बाईकडे बघितलं. कपाळ रिकामं होतं. गळा रिकामा होता. त्या पहिल्या संध्याकाळीच एकदा मान वर केली असती तर मला कुठल्याच शब्दाची गरज लागली नसती.

"बाई, मी..."

तिने दिवा खाली ठेवला. उंबऱ्यावर बसली आणि सरिताला मांडीवर ओढून घेतलं. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं हो. ओरडली नाही.

"बाय, बाबा येवचो ना," ती म्हणाली. "कोणाकूच मेळचो ना. मास्तरांक आमची भास कळना, बाय. तांचेर रागार जावं नाका."

बाबा यायचा नाही, कोणालाच सापडायचा नाही. मास्तरांना आपली भाषा कळत नाही, त्यांच्यावर रागावू नकोस. माझी बाजू तीच घेत होती! मी तसाच उभा. पायांना लाल माती.

सरिता रडली नाही. हातातल्या रिबिनीचं टोक गुंडाळत माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग आईला विचारलं, "कळना जाल्यार मास्तर मान कित्याक हालयता?"

कळत नाही तर मास्तर मान कशाला हलवतात? तेवढं एक वाक्य मला पहिल्या झटक्यात, अक्षरन् अक्षर कळलं.

आणि काय सांगू तुम्हाला... मी मान हलवली.