उजवीकडे कलणारी कूडै

आमच्या घरात वाढदिवसाला दुकानातली वस्तू द्यायची नाही, असा नियम आहे. ज्याने त्याने आपल्या हाताने काहीतरी करायचं. ऐकायला हे फार गोड वाटतं. ज्यांच्या हाताला कला असते त्यांना करायलाही गोड वाटत असेल. माझ्या हाताला कला नाही. शाळेत भरतकामाचा रुमाल मी स्वतःच्याच स्कर्टला शिवून टाकला होता, आणि बाईंनी दाखवायला बोलावलं तेव्हा रुमालासकट उठून उभी राहिले होते.

नियम सासूबाईंचा. त्यांचं घराणं तंजावरकडचं, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं आणि तरी घरात मराठी बोलणारं. ती मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी जुनी पोथी तमिळ चालीवर वाचतंय. मी सांगलीची. ऑफिसातल्या ओळखीतून लग्न झालं आणि त्याच तमिळ मुलखात, वेलचेरीतल्या या तिसऱ्या मजल्यावर येऊन मला आता एकोणीस वर्षं झाली. नवरा त्यांना अम्मा म्हणतो, म्हणून मीही अम्माच म्हणते.

अम्मा कूडै विणतात. कूडै म्हणजे प्लॅस्टिकच्या रंगीत वायरची, गाठी मारत विणलेली टोपली. भाजीला, देवळात, ऑफिसच्या डब्याला, सगळीकडे इथे ती बायकांच्या हातात दिसते. आमच्याकडे प्रत्येकाच्या प्रत्येक वाढदिवसाला अम्मांच्या हातची एक कूडै ठरलेली. त्यामुळे घरात कांदे कूडैत, इस्त्रीचे कपडे कूडैत, लेकीची जुनी खेळणी कूडैत. एका वर्षी खालच्या रस्त्यावर पाणी भरलं होतं, तेव्हा दोरी बांधून याच कूडैतून आम्ही दूध वर घेतलं आणि खालच्या घरी पोळ्या सोडल्या. प्रत्येक कूडैच्या तळाशी अम्मा एक गाठ मुद्दाम काळ्या वायरची घालतात. दृष्ट लागू नये म्हणून. बाकी काम इतकं रेखीव असतं की ती काळजी अगदीच गैरवाजवी नाही.

नवरा पेरुंगुडीला कंपनीत कॉम्प्युटरपुढे बसतो, पण वाढदिवस आला की कार्डबोर्ड आणि स्केचपेन घेऊन जमिनीवर बसतो. ज्याचा वाढदिवस त्याच्या सरलेल्या वर्षाची तो सापशिडी करतो. वर्षभरातल्या फजित्या म्हणजे साप, चांगल्या गोष्टी म्हणजे शिड्या. माझ्या मागच्या सापशिडीत अठ्ठ्याण्णवाच्या घरात एक भलामोठा साप होता आणि त्याच्या तोंडाशी लिहिलं होतं, "वॉचमनशी भांडण." मी तीनदा त्याच्या तोंडी गेले. चौथ्यांदा फासेच फेकून दिले.

आणि मी? माझी गोष्ट सांगायला जरा लाज वाटते. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी अम्मांचा वाढदिवस आला. नवी सून काय करते याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले. मी एका प्रदर्शनातून तुकड्यातुकड्यांची, हाताने टाके घातलेली कापडी पिशवी आणली, तिला लटकवलेल्या चिठ्ठ्या कापून टाकल्या आणि बेधडक सांगितलं, "मी शिवली." अम्मांनी पिशवी उलटी केली, सुलटी केली, आत हात घालून पाहिलं. मग "सरि," म्हणजे ठीक, "बरीक सुंदर आहे" एवढंच म्हणाल्या आणि देवघराच्या खुंटीला ती लावून त्यात आपली स्तोत्रांची पुस्तकं ठेवली. तेव्हापासून ती पिशवी रोज सकाळी दिवा लावताना माझ्या नाकासमोर असते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय, हे मला एकोणीस वर्षं रोज कळत आलं आहे.

त्या वर्षानंतर मी शहाणी झाले आणि पुरणपोळीवर आले. पुरणपोळीही हाताचीच असते, त्यामुळे नियम मोडत नाही, शिवाय ती खाऊन संपते आणि कुणी तिचे टाके तपासत नाही. प्रत्येक वाढदिवसाला माझ्याकडून पुरणपोळी. कुणी तक्रार केली नाही.

आता मुख्य गोष्ट. इथे वाढदिवस तारखेने नाही, नक्षत्राने धरतात. तमिळ महिना आणि त्यात जन्मनक्षत्र ज्या दिवशी येईल तो दिवस खरा. तारखेचा दिवस म्हणजे शाळेत चॉकलेटं वाटायचा. आमच्या लेकीचं नक्षत्र स्वाती, महिना आवणी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरातला. दर वर्षी दिवस पुढेमागे होतो, आणि तो सांगायचं काम अम्मांचं. महिनाभर आधीच त्या रोज पान फाडायच्या कॅलेंडरात बघून जाहीर करतात आणि मग "कुठला रंग हवा?" म्हणून लेकीच्या मागे लागतात.

यंदा त्यांनी काहीच जाहीर केलं नाही. लेक सतराची होणार, कॉलेजच्या गडबडीत. मी गेल्या दोन वर्षांच्या हिशेबाने धरून चालले होते की स्वाती तारखेनंतर येईल, म्हणजे अजून बारा-तेरा दिवस आहेत. एका दुपारी कॅलेंडरचं पान फाडायचं राहिलंय म्हणून मी हात घातला आणि सहज पुढची पानं उलटली. तमिळ अक्षरं मी अजूनही बोट ठेवून वाचते. चौथ्या पानावर लिहिलं होतं, स्वाती.

मी भडकलेच. "अहो अम्मा, स्वाती चार दिवसांवर आली! सांगितलं का नाहीत? पुरणाची डाळसुद्धा घरात नाही."

अम्मा खिडकीशी बसल्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ह्या वर्षीं तारखेलाच करा. नक्षत्र नोको."

ज्या बाईने तारखेच्या केकला कधी वाढदिवस म्हटलं नाही, ती हे म्हणत होती. माझा राग जागच्या जागी विरला. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी पलंगाखालून जुनी चादर ओढली. चादरीत हिरव्या-पिवळ्या वायरची अर्धवट कूडै होती. तळ झालेला, काळी गाठ घातलेली, बाजूच्या चार ओळी वर आलेल्या. पाचवीत गाठी सैल पडलेल्या होत्या, आणि पुढे वायरी नुसत्या मोकळ्या लोंबत होत्या.

"माझीं बोटें ऐकत नाहींत गे," त्या म्हणाल्या. "गाठ ओढायला जोर लागतो. दोन महिने झाले, बसत्यें आणि ठेवत्यें. रिकाम्या हातानें मी त्या पोरीला ओवाळूं कशी?"

म्हणून त्यांनी दिवस लपवला होता. स्वाती गुपचूप येऊन निघून जावी, कुणाच्या ध्यानात येऊ नये, म्हणून ही बाई महिनाभर गप्प बसली होती. मला इतकं वाईट वाटलं की मी मागचापुढचा विचार न करता म्हणून टाकलं, "मी करते पुरी. तुम्ही सांगा, मी गाठी मारते."

अम्मांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग तोंडाकडे पाहिलं. मग त्या हसायला लागल्या, आणि इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "तूं?" म्हणाल्या. मी सुनेसारखी शांत बसायला हवं होतं. "का? मला काय हात नाहीत?" असं मी फणकाऱ्याने विचारलं, आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

पुढच्या तीन दुपारी लेक कॉलेजला गेली की आम्ही दार लावून बसायचो. मी ऑफिसचं काम घरून करते. त्या तीन दुपारी किती केलं ते विचारू नका. एक वायर वाकवून कडी करायची, दुसरी तिच्यातून घालायची, पहिलीचं टोक पुन्हा दुसरीच्या कडीतून काढायचं आणि चारही बाजूंनी सारखं ओढायचं. अम्मा हवेत बोटं फिरवून दाखवायच्या. ती बोटं वाकडी झाली होती, पण वाट विसरली नव्हती. माझी बोटं सरळ होती आणि त्यांना वाटच माहीत नव्हती. पहिल्या दुपारी मी तेवीस गाठी मारल्या आणि अम्मांनी एकवीस सोडायला लावल्या.

"ओढ! जेवली नाहींस कीं काय?"

"ओढतेच आहे, अम्मा. वायरच कडक आहे."

"वायर तीच आहे. चाळीस वर्षं तीच आहे."

नाचता येईना अंगण वाकडं, हे त्या म्हणाल्या नाहीत, पण मला ऐकू आलं. बोटांना फोड आले. दुसऱ्या दुपारी मी एकदा कूडै भिरकावून दिली. ती कपाटाला आपटून परत माझ्याच पायाशी आली. अम्मा उठून आत गेल्या. थोड्या वेळाने कॉफी करून आणली, माझ्या हातात वाटी-पेला दिला आणि कूडै उचलून माझ्या मांडीवर ठेवली. नव्या सुनेला कुणी रडवलं की सासवा असंच करत असतील. फक्त इथे रडवणाऱ्याही त्याच होत्या.

आणि खरं सांगते, तिसऱ्या दुपारी मला मजा यायला लागली. गाठ बसली की एक बारीकसा कचकन आवाज होतो, तो ऐकायची चटक लागली. खालून शेअर ऑटोवाल्यांची ओरड येत होती, अम्मा त्यांच्या आईची गोष्ट सांगत होत्या. तिने ताडाच्या पातीची पेटी विणायला शिकवली होती आणि चुकलं की पातीनेच मारायची. संध्याकाळी पाचला मुठी बसल्या, टोकं आत खोचली आणि मी कूडै टेबलावर ठेवली.

ती उजवीकडे कलली. अम्मांच्या चार ओळी आखल्यासारख्या सरळ, आणि वर माझ्या सात ओळी बाजारातून दमून आलेल्या बाईसारख्या. मला रडू यायचं बाकी होतं.

अम्मांनी ती सगळीकडून निरखली. "ह्याला काळ्या गाठीची गरज नव्हती," म्हणाल्या. "कोणाची दृष्ट लागायची नाहीं." आणि आम्ही दोघी पुन्हा हसत सुटलो.

स्वातीच्या सकाळी सगळं रीतीप्रमाणे झालं. लेकीच्या डोक्याला तेल चोपून न्हाणं, नवा ड्रेस, पायसम. माझ्या पुरणपोळ्या. नवऱ्याची सापशिडी, ज्यात एका सापाचं नाव "केमिस्ट्री" होतं. मग लेक पाटावर बसली, अम्मांनी ओवाळलं आणि मागून कूडै काढून तिच्या हातात दिली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. पोरगी काय म्हणते याची जेवढी धास्ती होती तेवढी मला परीक्षेच्या निकालाचीही नव्हती.

लेकीने कूडै फिरवून पाहिली. कललेल्या बाजूवर बोट फिरवलं आणि थेट माझ्याकडे बघितलं. "आई, सीरियसली? इथपर्यंत अज्जी आणि इथून वर तू?" मी मान हलवली. "अज्जीच्या लाइन्स स्ट्रेट आहेत. तुझ्या डान्स करतात." मग तिने कॉलेजची सॅक जमिनीवर उपडी केली, वह्या, डबा, पाण्याची बाटली कूडैत भरली आणि ती खांद्याला अडकवून घरभर फिरली. बाटली जड होती, ती तिने डावीकडे ठेवली. कूडै सरळ झाली. "अय्यो, बॅलन्स!" म्हणून तिने अज्जीच्या गालाचा आणि माझ्या गालाचा पापा घेतला आणि त्याच कूडैसकट कॉलेजला पळाली. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मला नोकरीत कधीही झाला नाही, बढतीच्या दिवशीही नाही.

भांडी आवरून मी बाहेर आले तर अम्मा देवघरासमोर बसल्या होत्या. सुईदोरा ठेवायचा जुना बिस्किटांचा डबा उघडला होता. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि माझ्या तळहातावर काहीतरी ठेवलं. नखाएवढी कापडाची पट्टी. धागे सुटलेली, पिवळी पडलेली. त्यावर दुकानाचं नाव विणलेलं होतं.

मला आधी कळेना. मग मी खुंटीवरच्या पिशवीकडे पाहिलं. बाहेरच्या चिठ्ठ्या मी कापल्या होत्या. आतल्या शिवणीत ही राहिली होती.

"तुझ्या नणंदा पिशवी बघायला मागत होत्या त्या दिवशीं," अम्मा म्हणाल्या. "म्हणून मी आधीं ही पट्टी उसवून ठेवली."

एकोणीस वर्षं. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि खरंच रडले. त्या माझ्या फोड आलेल्या बोटांवर त्यांची वाकडी बोटं फिरवत राहिल्या.

"आतां टाक तें," म्हणाल्या. "काम झालें त्याचें." आणि मी डोळे पुसून उठते न उठते तोच, "माझें नक्षत्र तै महिन्यांत येतें. मला निळी हवी. आणि मला पोळी चालायची नाहीं."

तै महिना म्हणजे जानेवारी, अजून चार महिने होते. मी त्याच दुपारी बाजारात जाऊन निळी वायर आणली.