दाराचे मार्क

भोये सरांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते डोक्यावरचं हेल्मेटही न काढता वारुळासमोर उकिडवे बसले होते. कासा गावाजवळच्या त्या कॉलेजात मी नुकतीच मराठी शिकवायला लागले होते. नवस बोलत असतील म्हणून लांबच थांबले, तर हे म्हणतात, "या मॅडम, बसा. एवढा बंगला बांधते ही वाळवी, पण इंजिनिअर कोण ते काही सापडत नाही!"

सर कॉम्प्युटर शिकवायचे. मूळचे तलासरीकडच्या एका पाड्यावरचे. तिथे कुणाचं घर उभं राहायचं म्हटलं की सगळा पाडा कामाला यायचा. "आमच्यात कुडाची भिंत बांधायला मुकादम लागत नाही," सर सांगायचे. "समोरच्याने कारवीची काठी जिथं सोडली, तिथून पुढं आपण." वाळवीचंही तसंच, म्हणे. आणि हेच त्यांना मुठीएवढ्या, चाकांवर चालणाऱ्या यंत्रांकडून करून घ्यायचं होतं. थर्माकोलचा ठोकळा उचलायचा, नाकासमोर काय आहे तेवढंच बघायचं आणि ठेवायचा.

कुठे ठेवायचा, हे मात्र सर स्वतः ठरवत नसत. कॉम्प्युटरवर ते नियमांच्या पिढ्या वाढवायचे. जे नियम चांगली भिंत बांधतील त्यांना मार्क, बाकीचे नापास. पास झालेल्यांची सरमिसळ करून, थोडा बदल करून पुढची पिढी. "स्थळं जुळवतोय," असं म्हणून स्वतःच हसायचे.

हा संसार मागच्या खोलीत चालायचा आणि प्राचार्यांना ती खोली खेळाच्या सामानासाठी हवी होती. "स्नेहसंमेलनात भिंत दिसली तर खोली तुमची," त्यांनी बजावलं. "नाहीतर क्रिकेटची." सरांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी सगळं कॉलेज टेबलाभोवती जमलं. यंत्रं सुटली. ठोकळ्याला ठोकळा लागत गेला आणि खरंच, कुणी काही न सांगता भिंत वळत वळत गोल पूर्ण झाली. कुठे फट म्हणून नाही. टाळ्या वाजल्या आणि तेवढ्यात प्राचार्य वाकून म्हणाले, "सर, पण ही बाहेर कशी येणार?"

सगळी यंत्रं आत कोंडली गेली होती. सरांनी कपाळाला हात लावला. "फट नसली की मार्क, एवढंच मी शिकवलं. दाराला मार्क द्यायचे राहिले!" प्राचार्य इतके हसले की खोली मागायचं त्यांना पुन्हा सुचलंच नाही.

२०१९ मध्ये सरांना पुण्याला नोकरी लागली. निघायच्या दिवशी कुणी निरोप धाडला नव्हता, तरी एकेक जण येत गेला. कुणी चिकू आणले, कुणी नुसतंच येऊन उभं राहिलं. पुढचा जिथे उभा, त्याला खेटून मागचा. बघता बघता जीपभोवती कडं झालं. ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला, पण कुणी हलेना. माझे तर डोळे भरून आले होते.

खिडकीतून, जीपमध्येही हेल्मेट न काढलेलं सरांचं डोकं बाहेर आलं. "दाराचे मार्क विसरलात ना तुम्हीपण?"

हसू आलं आणि रडूही. जीपच्या अगदी समोर मीच होते. मी बाजूला झाले.