नांगराची निशाणी

१९३४च्या हिवाळ्यात, एका मंगळवारी, शेळगावचे शाळामास्तर शंकरराव यांचा मॅट्रिकचा अर्ज परत आला. मुदत सोमवारी संपली होती.

त्याआधी बारा दिवस मी दौंडहून छोट्या आगगाडीने बारामतीस उतरलो. कालव्यावरचा ऊस पाहून इंदापुरास जायचे होते. इंदापूरची मोटार तासभर सुटेना. शंकरराव तिथेच भेटले. वय चौतीस, मराठी सातवी पास, इंग्रजी घरी शिकलेले. पोस्टातून अर्ज रजिस्टर करायला आले होते. मार्चात परीक्षा, मग पुण्याचे कॉलेज. पाच वर्षे मागत असलेली रजा स्कूल बोर्डाने यंदा दिली होती.

ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, तुमची पोरं कालिजात गेली की! तुमी अजून हितंच?"

"व्हय गा. माझ्या वर्गात मीच मागं राहिलो."

त्यांनी अर्ज मला दाखवला. वर्तनाच्या दाखल्याखाली सहीच्या जागी शाईने नांगर काढलेला होता.

"आमच्या पाटील-आबांची निशाणी," ते म्हणाले. "त्यांना लिहिता येत न्हाय. पण गावचा कागद ह्या नांगराबिगर पुरा होत न्हाय. मला जन्मापासून वळखणारं दुसरं कोण हाय?"

नांगर मला आवडला. मी तो वहीत उतरवून घेतला. अर्जामागची छापील सूचना वाचली नाही. ते पोस्टात गेले.

पुढे कळसला गुऱ्हाळावर काकवी (गूळ होण्याआधीचा दाट रस) आणि भाकरी खाल्ली. निमगावच्या अलीकडे मोटारीचे चाक बसले. दोन मैल चाललो. इंदापुरात आठ दिवस राहिलो.

परतताना शेळगावला उतरलो, तो हाच मंगळवार. पाकीट शाळेच्या ओट्यावर उघडे पडले होते. दाखला हायस्कुलाच्या हेडमास्तरांचा किंवा मॅजिस्ट्रेटचा हवा, असे त्यात लिहिले होते. अर्जामागेही तेच छापलेले होते. पाटील-आबा काठी टेकून उभे होते.

"माझ्या नांगरानं घात केला व्हय रं, शंकर?"

"न्हाय आबा. कागदच तसला होता."

"मग मी पुन्याला येतो. सायबाला तोंडानं सांगतो, पोरगं चांगलं हाय म्हून."

शंकरराव हसले. "बसा आबा, च्या घ्या." मी वहीतले चित्र दाखवले नाही.

पुण्यास परतलो. वर्षभराने मास्तरांचे कार्ड आले. नव्या अर्जावर इंदापूरच्या एका हेडमास्तरांची सही झाली आहे. यंदा बोर्डाने रजा नामंजूर केली आहे.